ड्रोन सर्वेक्षण, बांधकाम व भूविकासातील (वरठी, जि. भंडारा)

ड्रोन सर्वेक्षण : ड्रोनला बसवलेल्या कॅमेऱ्याने जमिनीची एकावर एक चढणारी छायाचित्रे घेऊन त्यांवरून मोजमापास योग्य नकाशा आणि उंचसखलपणाचा आराखडा तयार करण्याची पद्धत. रस्ते, इमारती, भूखंडांचे लेआउट, खाणी, तलाव आणि गावठाणे यांच्या कामांत ती आता रूढ झाली आहे. प्रस्तुत नोंद वरठी आणि आसपासचा मुलूख समोर ठेवून लिहिली आहे.

वरठी हे मोहाडी तालुक्यातील मोठे गाव मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावर असून भंडारा रोड हे रेल्वे स्थानक येथेच आहे. सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, त्याच्या आधाराने वाढलेली वस्ती, लोहमार्ग, धानाच्या बांध्या (बांध घातलेली खाचरे), मालगुजारी काळातील तलाव आणि वैनगंगेचे खोरे असे जमिनीचे नाना प्रकार या टापूत जवळजवळ नांदतात. अशा ठिकाणी भूखंड पाडायचे, गोदाम बांधायचे किंवा रस्ता काढायचा, तर हद्द, उतार आणि पाण्याची वाट या तिन्ही गोष्टी एकदम पाहाव्या लागतात. साखळी, फळी किंवा टोटल स्टेशन घेऊन ज्या कामाला पूर्वी आठवडा लागे, त्यासाठीची छायाचित्रे ड्रोन एका सकाळीत आणतो.

उड्डाणाच्या ओळी आधीच संगणकावर आखलेल्या असतात. पुढच्या छायाचित्रात मागच्याचा ७० ते ८० टक्के भाग आणि शेजारच्या ओळीचा ६० ते ७० टक्के भाग पुन्हा यावा लागतो. एकच धुरा (शेताच्या हद्दीचा बांध) निरनिराळ्या कोनांतून दिसला म्हणजे संगणकाला त्याची जागा आणि उंची दोन्ही काढता येतात. १२० मीटर उंचीवरून, ८.८ मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने आणि २.४ मायक्रॉनच्या चित्रबिंदूने छायाचित्र घेतले, तर त्यातील एक बिंदू जमिनीवरचे सुमारे ३.३ सेंटिमीटर व्यापतो. उंची निम्मी केली की बारकावा दुप्पट होतो, पण छायाचित्रे आणि बॅटऱ्याही वाढतात. हाती येते ते सरळ वरून पाहिल्यासारखे प्रमाणबद्ध छायाचित्र, लक्षावधी बिंदूंचा त्रिमितीय साठा आणि त्यावरून काढलेल्या समोच्च रेषा.

चित्रबिंदू ३ सेंटिमीटरचा आहे म्हणून नकाशाही ३ सेंटिमीटरपर्यंत बरोबर असतो, हा समज चुकीचा आहे. नकाशाची खरी अचूकता जमिनीवर ठरते. उड्डाणापूर्वी कोपऱ्यांवर आणि मध्यभागी चुन्याच्या फुल्या मारतात किंवा काळ्यापांढऱ्या चौकटींचे फलक खिळवतात; याच नियंत्रण-खुणा. प्रत्येक खुणेच्या नेमक्या मध्यावर रोव्हरचा (उपग्रहांच्या संकेतांवरून जागा मोजणाऱ्या यंत्राचा) दांडा टेकवायचा, पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत तो सरळ करायचा आणि वाचन स्थिर होईपर्यंत हलायचे नाही. काही खुणा हिशेबात न घेता केवळ पडताळणीसाठी राखून ठेवतात. नकाशा तयार झाल्यावर त्या खुणा किती सरकल्या, यावरून कामाचा दर्जा कळतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायम उपग्रह-संदर्भ केंद्रांचे जाळे (कॉर्स) उभे राहिल्यापासून हे काम सोपे झाले असले, तरी उन्हात दांडा धरून उभा राहणारा माणूस अजून लागतोच, आणि नकाशाचा विश्वास त्याच्यावरच टिकतो.

उंचीच्या बाबतीत वेगळीच काळजी घ्यावी लागते. उपग्रहावरून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. मध्य भारतात या दोहोंतला फरक ५० मीटरांहून अधिक भरतो. भंडारा रोड स्थानकाच्या पिवळ्या पाटीवरचा आकडा आणि ड्रोनच्या नोंदीतला आकडा जुळत नाही, त्याचे हेच कारण. नागपूरला शून्य मैलाच्या खांबाजवळ १९०७ सालचे मानक तलचिन्ह आहे. अशा तलचिन्हांशी सांगड घातल्यावाचून नाल्याचा किंवा पुलाचा तळ ठरवू नये.

भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात ही पद्धत कसाला लागते. एका बांधीतून दुसरीत पाणी उतरते ते काही इंचांच्या फरकावर. लेआउटमधील गटारांचा उतारही तितक्याच फरकावर बेततात. पण शेतात धान उभा असला की कॅमेरा लोंब्यांची उंची टिपतो, मातीची नाही. म्हणून कापणी उरकल्यावर, उन्हाळी धान लागलेले नसताना उड्डाण करावे. बेशरमीची झुडपे, बाभळी आणि आमराईखालची जमीनही छायाचित्रात येत नाही; तेथे लेझर किरणांनी मोजणारे लायडार यंत्र वापरावे किंवा पायी मोजावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. बहुतेक लहान ड्रोनांची मर्यादा ४० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे या दिवसांत काम सकाळीच आटोपावे लागते.

सर्वांत रोख फायदा मातीकामात दिसतो. मुरूम ब्रासने मोजला जातो. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. १ हेक्टर जागेत भर टाकताना उंचीत सरसकट १० सेंटिमीटरची चूक झाली, तर ती १,००० घनमीटर, म्हणजे साधारण ३५० ब्रास भरते. ठेकेदाराचे बिल आणि गौण खनिजाचे स्वामित्वधन याच आकड्यावर ठरत असल्याने भरावाच्या आधी एक आणि नंतर एक अशी दोन उड्डाणे, त्याच नियंत्रण-खुणांवर, करून घेणे शहाणपणाचे ठरते. आधीचे उड्डाण राहून गेले तर मूळ जमीन कोठे होती, हे पुढे कोणालाच सिद्ध करता येत नाही. खनिज संवर्धन व विकास नियमांत ३ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेल्या दुरुस्तीने, वर्षाला १० लाख टन किंवा अधिक उत्खननाची योजना असलेल्या वा ५० हेक्टर व त्याहून मोठ्या खाणपट्ट्यांना ड्रोन सर्वेक्षण बंधनकारक केले. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे मँगनीजच्या खाणी असल्याने या जिल्ह्याला ही तरतूद परकी नाही. भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानेही २०२१ मध्येच आपल्या प्रकल्पांचे दर महिन्याला ड्रोन-चित्रीकरण अनिवार्य केले.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा जिल्ह्यात हाहाकार उडवला. नदीकाठच्या भूविकासात त्यानंतर उंचीच्या नकाशाकडे दुर्लक्ष करणे अक्षम्य आहे. पूररेषा आखणे हे जलसंपदा विभागाचे काम. मात्र निळ्या आणि लाल पूररेषेच्या संदर्भात आपला भूखंड किती उंचीवर आहे, हे सर्वेक्षणातून आधीच दिसते, आणि ते भूखंड विकण्यापूर्वी घेणाऱ्यालाही दाखवले पाहिजे.

गावठाणाच्या मोजणीत महाराष्ट्राने लवकर पाऊल टाकले. पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे भूमि अभिलेख विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी ड्रोनद्वारे गावठाण मोजणीचा प्रयोग केला. केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली; ११ ऑक्टोबर २०२० रोजी ज्या ७६३ गावांत मिळकत पत्रिकांच्या वाटपाला आरंभ झाला, त्यांपैकी १०० महाराष्ट्रातील होती. या कामात उड्डाणाच्या आदल्या दिवशी घरमालकांना बोलावून आपापल्या हद्दीवर चुन्याची रेघ मारून घेतात. शेजारी शेजाऱ्याशी बोलतो तो याच वेळी, आणि वाद असेल तर तोही येथेच निघतो. छायाचित्र त्या रेघेचे येते. पुढे चौकशी होऊन हक्क ठरतो आणि मग सनद व मिळकत पत्रिका मिळते. पूर्वी मध्य प्रांतात असलेल्या या भागात आबादीतल्या कित्येक घरांना ग्रामपंचायतीच्या कर-आकारणीच्या नोंदीखेरीज कागद नव्हता. बँकेच्या दारात त्यांची अडचण काय होती, हे ज्यांनी पाहिले त्यांना या योजनेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

तरी ड्रोनचा नकाशा म्हणजे हक्काचा पुरावा नव्हे. धुरा आज जेथे दिसतो तेथेच गटाची हद्द असेल, असे नाही. तो सरकलेला असू शकतो आणि कॅमेरा सरकलेला धुराच इमानाने दाखवतो. हद्द कायम करायची तर तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख कार्यालयाकडे मोजणी फी भरून भूकरमापकाकरवी मोजणी करून घ्यावी लागते. पूर्व विदर्भात झुडपी जंगलाचा प्रश्न याहून बिकट आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत महसुली अभिलेखात झुडपी जंगल म्हणून नोंदलेली जमीन वनजमीन मानावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. ड्रोनच्या चित्रात अशा जागी उघडे माळरान दिसू शकते किंवा वसलेली घरेही. चित्र पाहून सौदा करणाऱ्याने आधी सातबारा आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामायिक हक्कांची नोंद) पाहावे.

उड्डाणाला ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. ड्रोनला नोंदणी क्रमांक आणि चालवणाऱ्याकडे दूरवैमानिक प्रमाणपत्र हवे. केंद्र सरकारच्या डिजिटल स्काय या हवाई क्षेत्रांच्या नकाशावरील हिरव्या क्षेत्रात ४०० फूट म्हणजे १२० मीटरपर्यंत परवानगीवाचून उडता येते. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी लागते. जिल्ह्यात जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे, त्यामुळे हा क्षेत्रांचा नकाशा उड्डाणाच्या दिवशी पुन्हा तपासावा. लोहमार्ग आणि कारखाना यांच्या लगत उडवण्याआधी त्यांच्या प्रशासनाशीही बोलून घ्यावे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडव्या दिशेत १ मीटर आणि उंचीत ३ मीटर यांहून सूक्ष्म माहिती भारतीय संस्थांनीच बाळगावी व ती देशातच साठवावी, असे बंधन आहे. जवळजवळ प्रत्येक ड्रोन सर्वेक्षण या बंधनाच्या कक्षेत येते.

काम देताना करारात छापील नकाशाबरोबर मूळ छायाचित्रे, नियंत्रण-खुणांची यादी, पडताळणीतील फरक आणि उंचीचा आधार या गोष्टी मागाव्यात. त्या हाती असल्या तर दुसरा सर्वेक्षक तोच हिशेब पुन्हा करून पाहू शकतो.