मागे झुकलेले पंख आणि गुरुत्वमध्य

काही द्विपंखी विमानांचे वरचे पंख मागे झुकलेले आढळतात, ते केवळ शोभेसाठी नव्हे. १९३१ साली इंग्लंडमध्ये डी हॅविलंड कारखान्याने जुन्या ‘मॉथ’वरून ‘टायगर मॉथ’ सिद्ध केले, तेव्हा पुढच्या आसनावरील शिक्षकाला हवाई छत्रीसह बाहेर पडताना वरच्या पंखाचा मध्यभाग आड येई. तो पुढे सरकविण्यात आला. परंतु त्यामुळे पंखांच्या उचल-बलाचे केंद्रही गुरुत्वमध्याच्या पुढे जाऊ लागले. ते पूर्वस्थळी आणण्याकरिता पंखांची टोके मागे नेण्यात आली. अडचण शिक्षकाची आणि झळ तोलाला, असा हा प्रकार होता.

पुढे अमेरिकेत कर्टिस पिट्स याच्या इवल्याशा ‘पिट्स स्पेशल’चाही वरचा पंख असाच झुकलेला होता. १९६२ पासून त्याचे आराखडे हौशी बांधणाऱ्यांना मिळू लागले आणि तोलाचा प्रश्न कारखान्यातून घरच्या छपरीत आला. मूळ विमानाचे इंजिन अवघे ५५ अश्वशक्तीचे. पुढे १८० अश्वशक्तीची इंजिनेही बसविली गेली. नाकाशी असे वजन वाढले की आराखड्यातील गुरुत्वमध्य कागदावरच राहतो. उलट शेपटीवर चढविलेला रंगाचा जादा थरही, अंतर लांब असल्यामुळे, आपल्या वजनाच्या मानाने फार भारी पडतो.

झुकलेल्या पंखात मोजमापाचा आणखी एक चकवा आहे. सारख्या रुंदीच्या पंखाचे टोक मुळापेक्षा १८ इंच मागे असेल, तर त्याची सरासरी पुढची कड मुळापासून ९ इंच मागे असते. शिवाय खालच्या पंखाचाही, त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात, हिशेब धरावा लागतो. मुळापासूनच मोजणाऱ्याचे विमान नाकाकडे जड होते व उतरताना नाक उचलत नाही. टोकापासून मोजण्याची चूक मात्र अधिक घातक. कारण शेपटीकडे जड झालेले विमान गरगरत खाली येऊ लागले, की सावरेलच असे नाही.

म्हणूनच विमान समपातळीत ठेवून तिन्ही चाकांखाली काटे लावतात. प्रत्येक काट्यावरील वजनाला ठराविक रेषेपासूनच्या अंतराने गुणून, त्या गुणाकारांच्या बेरजेस एकूण वजनाने भागतात. तथापि एकदा तोलून भागत नाही. एकआसनी ‘पिट्स’मध्ये इंधनाची टाकी वैमानिकाच्या पुढे असते. इंधन संपत जाते तसा गुरुत्वमध्य मागे सरकतो; वैमानिक वजनदार असल्यास अधिकच. तेव्हा मागची मर्यादा तपासावयाची ती टाकी जवळजवळ रिकामी व आसनावर सर्वांत जड माणूस धरूनच.