जांघेतील वारंवार खाज (पुरुषांमधील)

पुरुषांच्या जांघेत, अंडकोषाच्या पिशवीवर किंवा शिश्नाच्या टोकाशी पुन्हा पुन्हा उठणारी खाज, आग, लाली आणि पुरळ. हा एकच रोग नव्हे. बुरशी, मधुमेह, खरूज, साबण व जंतुनाशके, पोटात घेतलेल्या गोळ्या अशी वेगवेगळी कारणे त्यामागे असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो. आपल्याकडे सर्वाधिक आढळते ते गजकर्ण, म्हणजेच नायटा.

गजकर्णाची बुरशी त्वचेच्या वरच्या मेलेल्या थरावर जगते. तिला ऊब, ओल आणि घर्षण लागते. जांघेत हे तिन्ही मिळते. चट्टा गोलाकार पसरतो, त्याची कड उचललेली, लाल, बारीक पुरळाची असते आणि मधला भाग निवळल्यासारखा दिसतो. उदाहरणार्थ, परभणी जिल्ह्यात बुरशीला सोयीचे दोन हंगाम आहेत. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर चढतो, घामाने कपडा अंगाला चिकटतो आणि नेमके तेव्हाच गावोगाव पाण्याची ओढ असते. धुणे दोन बादल्यांत उरकावे लागते. पुढे पावसाळ्यात ओली चड्डी वाळत नाही आणि तीच दमट चड्डी दुसऱ्या दिवशी अंगावर चढते. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे कोपीत, म्हणजे लहानशा झोपडीत, दाटीने राहतात. टॉवेल, अंथरूण, पांघरूण सगळ्यांत एकच. एकाचे गजकर्ण बरे होईपर्यंत दुसऱ्याला उठलेले असते, आणि मग पहिल्याला पुन्हा.

मात्र आजार वर्षानुवर्षे रेंगाळण्याचे मोठे कारण मेडिकलच्या काउंटरवर असते. माणूस आजूबाजूला कोणी नाही हे पाहून हळूच म्हणतो, ‘जांघंत लई खाजायलंय, एखादी ट्यूब द्या.’ हाती पडते ते बहुधा मिश्रणाचे मलम: बुरशीचे औषध, जिवाणूंचे औषध आणि सोबत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन यांसारखे तीव्र स्टिरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते आणि मलमावर विश्वास बसतो. प्रत्यक्षात स्टिरॉइडने त्वचेची प्रतिकारशक्ती दाबलेली असते. बुरशी तिथेच वाढत असते. मलम थांबवताच खाज दुप्पट वेगाने उसळते आणि माणूस तीच ट्यूब पुन्हा आणतो. चट्ट्याची ओळखीची कड पुसट होते, मूळचे गजकर्ण सहसा शिश्न व अंडकोष सोडून देते तेही राहत नाही, आणि डॉक्टरांनाही रोग चटकन ओळखू येत नाही. जांघेत पांढरट-जांभळ्या चिरा पडतात, त्या कायमच्या. अंडकोषाची त्वचा अतिशय पातळ असते. १९६७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात तिच्यातून हायड्रोकॉर्टिसोन हाताच्या त्वचेच्या सुमारे ४२ पट शोषले गेल्याचे आढळले. त्या जागी तीव्र स्टिरॉइड महिनोन्‌महिने चोळल्यास कातडी लालबुंद होऊन सतत जळजळत राहते.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बंदी आलेल्या ३२८ औषधमिश्रणांत अशी काही मलमेही होती. कायदा कागदावर ठीक आहे. चिठ्ठी न मागता ट्यूब देणे अजून थांबलेले नाही, आणि त्याची किंमत रोगी मोजतो.

दरम्यान बुरशीही बदलली आहे. २०२० मध्ये जपानमधील संशोधकांनी एका भारतीय व एका नेपाळी रुग्णाकडून मिळालेल्या बुरशीला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे वेगळे नाव दिले. टर्बिनाफिन हे पूर्वी हमखास लागू पडणारे औषध तिच्या अनेक वाणांवर चालत नाही. त्यामुळे आता अनेकदा इट्राकोनाझोलसारख्या गोळ्या काही आठवडे घ्याव्या लागतात, त्याही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण यकृत, हृदय आणि इतर चालू औषधे यांचा विचार करावा लागतो.

निदानाची तपासणी साधी आहे. बोथट पात्याने चट्ट्याच्या कडेचा कोंडा काचपट्टीवर खरवडून घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले बुरशीचे धागे दिसतात. बुरशीचे साधे, स्टिरॉइड नसलेले मलम चट्ट्याच्या दोन बोटे बाहेरपर्यंत लावावे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवावे. बहुतेकांचे इथेच चुकते. घरात ज्यांना खाज आहे त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. सैल सुती कपडे वापरावेत, चड्डी गरम पाण्यात धुऊन उलटी करून कडक उन्हात वाळवावी. अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक ओतणे किंवा जांघेत लिंबू, चुना, रॉकेल लावणे याने कातडी भाजते आणि खाज वाढते.

शिश्नाच्या टोकावर लाली, पांढरा थर आणि मागे ओढताना चिरणारी कातडी वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासावी. कित्येकांचा मधुमेह याच तक्रारीतून उघडकीस येतो. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे हा त्रास वाढू शकतो. तसे झाल्यास डॉक्टरांना सांगावे, गोळी परस्पर बंद करू नये. खाज रात्री वाढते, घरात अनेकांना आहे आणि शिश्नावर किंवा अंडकोषावर कठीण गाठी आहेत, तर ती खरूज. तिला ५ टक्के परमेथ्रिन मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावतात व आठवड्याने पुन्हा. दुखण्याची किंवा जुलाबाची ठरावीक गोळी घेतली की दर वेळी त्याच जागी काळपट चट्टा उठतो तेव्हा दोष त्या औषधाचा असतो. गोळीचे नाव लिहून ठेवावे आणि ती पुन्हा घेऊ नये.

द्राक्षाच्या घोसासारखे फोड पुन्हा पुन्हा येणे, जखम, स्राव किंवा जांघेतील गाठ यांत लैंगिक आजाराची तपासणी लागते. जिल्हा रुग्णालयांत त्यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाची ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत; तपासणी व औषधे मोफत मिळतात, माहिती गुप्त राहते, जोडीदारावरही उपचार होतात. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. शिश्नावरचा व्रण किंवा कडक, पांढरा डाग काही आठवड्यांत बरा झाला नाही, तर त्याचा तुकडा तपासायला पाठवतात, कारण कर्करोगाची सुरुवात अशीही असते.