ताई-चीच्या मृदुतेची कुळकथा

चीनमधील शहरांच्या उद्यानांतून पहाटे वृद्ध स्त्रीपुरुष ज्या संथ, अखंड हालचाली करीत असतात, त्यांचे कूळ आरोग्यशास्त्रात नसून युद्धविद्येत आहे, हे नवख्या प्रेक्षकास सहसा खरे वाटत नाही. हेनान प्रांतातील चेनजियागौ या खेड्यात मिंग अमदानीच्या अखेरीस फौजेत चाकरी केलेल्या चेन वांगटिंगकडे या विद्येचे जनकत्व सामान्यतः दिले जाते. आणि चेन घराण्याच्या पद्धतीत मंद वर्तुळगतीबरोबरच उड्या, पाय आपटणे व एकाएकी केलेले आघात आजही टिकून आहेत.

घराण्याबाहेरच्या यांग लुचानने (1799–1872) ही विद्या चेन चांगशिंग या वस्तादाकडून मिळवली आणि पुढे बीजिंगमध्ये मांचू सरदारांना शिकवली. परंतु 1912 साली बादशाही लयास जाऊन दरबारी आश्रय संपला, तेव्हा शिष्य बदलले. तलवारबहाद्दरांच्या जागी विद्यार्थी, व्यापारी आणि प्रकृतीने खंगलेले शहरवासी आले. लुचानचा नातू यांग चेंगफू (1883–1936) याने उड्या आणि उघड आघात वगळून सारा क्रम एकाच लयीत, मोकळ्या व विस्तृत हालचालींत बांधला. 1928च्या सुमारास तो शांघायकडे गेला आणि त्या व्यापारी शहरातून ही मृदू शैली दूरवर पोहोचली.

आघात गेले तरी त्यांच्या मुळाशी असलेली शिस्त मात्र गेली नाही. पाऊल टाकताना सारा भार मागच्या, गुडघ्यात वाकलेल्या पायावर असतो. पुढचा पाय रिकामा ठेवून टाच अलगद टेकवायची, आणि जमीन भक्कम लागल्यावरच कंबरेच्या वळणाबरोबर भार पुढे न्यायचा. जोडीने करावयाच्या हस्तसंघर्षात मनगटाला मनगट भिडलेले असते; समोरच्याचा रेटा आला की त्याला विरोध न करता कंबर वळवून वाट द्यायची, म्हणजे रेटणाराच आपल्या जोराने तोल गमावतो.

1956 साली चिनी सरकारच्या क्रीडाखात्याने यांग शैलीवरून 24 हालचालींचा संक्षिप्त क्रम तयार करून तो सर्वसामान्यांस खुला केला. 2012 साली अमेरिकेतील ऑरेगन येथील संशोधकांनी कंपवाताच्या 195 रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोनदा असा 24 आठवडे सराव केलेल्या ताई-चीच्या गटाचा तोल, वजने वापरून किंवा अंग ताणून व्यायाम करणाऱ्या गटांपेक्षा अधिक सुधारला. रोग बरा होतो असा याचा अर्थ नव्हे. परंतु भार कोणत्या पायावर आहे याचे भान आणि तो सावकाश हलविण्याची सवय, हे मूळचे लढवय्याचे साधन वार्धक्यात पडण्यापासून रक्षण करण्यास उपयोगी ठरते, एवढे निश्चित म्हणता येते. चेंगफूने विद्या सौम्य केली म्हणून ती दुबळी झाली, हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही. त्याने फक्त तिचा प्रतिस्पर्धी बदलला.