लोणारचे क्षार

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या काठी जमणारी सोडियम कार्बोनेटयुक्त लवणे. उल्कापाताने बेसाल्टात पडलेल्या, सुमारे १.८ किमी. व्यासाच्या या विवरातून पाणी बाहेर वाहत नाही; उन्हाळ्यात ते आटते आणि काठावर क्षाराचा थर धरतो. डल्ला, पापडी, खुप्पल, भुसकी अशी त्याची जुनी प्रतवारी. काच व साबणासाठी उपयोगी पडणाऱ्या येथील द्रव्यांची नोंद ‘आईन-इ-अकबरी’तही आहे.

विद्युत वाहनांच्या बॅटरीतले बरेचसे लिथियमही उन्हाच्याच जोरावर मिळते. चिलीच्या अताकामा वाळवंटात भूगर्भातील खारे पाणी उपसून उघड्या तळ्यांत आटवतात. पण तेथे उपसा अवाढव्य आहे; पाणी वाफ होऊन जाते आणि फ्लेमिंगोंच्या पाणथळ जागांवर ताण येतो.

सोडियम-आयन बॅटरीला लिथियम लागत नाही, सोडियम कार्बोनेट चालते. म्हणून कोणी लोणारकडे आशेने पाहू नये: हे रसायन कारखान्यात साध्या मिठापासूनही बनते. सरोवर २००० पासून अभयारण्य व २०२० पासून रामसर स्थळ आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, ते खारटपणा वाढून फोफावलेल्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे.