दृश्यसांधे, चित्रपटसंकलनातील

चित्रपटात एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात जाण्यासाठी योजल्या जाणाऱ्या संकलनयुक्तींना दृश्यसांधे म्हणता येईल. एक दृश्य तोडून त्यास लगेच दुसरे जोडणे म्हणजे ‘कट’. पहिले विरत असतानाच त्यावर दुसरे उमटविणे म्हणजे ‘डिझॉल्व्ह’ अथवा विलयन. तर दृश्य हळूहळू काळोखात लोपविणे म्हणजे ‘फेड’. लागोपाठच्या दोन दृश्यांत आकाराचे वा हालचालीचे साम्य साधून केलेल्या कटास ‘मॅच कट’ म्हणतात. स्टॅन्ली कुब्रिक ह्यांच्या २००१ : अ स्पेस ओडिसी (१९६८) ह्या चित्रपटात आदिमानवाने आकाशात भिरकावलेल्या हाडापाठोपाठ अवकाशयान दिसते व लाखो वर्षांचा काळ एका सांध्यात ओलांडला जातो.

मूकपटाच्या काळात विलयन कॅमेऱ्यातही साधले जाई. भिंगाचे छिद्र हळूहळू मिटवून फिल्म तेवढीच मागे घेत आणि छिद्र पुन्हा उघडत त्याच पट्टीवर दुसरे दृश्य टिपीत. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) ह्यांच्या कालियामर्दन (१९१९) ह्या चित्रपटाच्या आरंभी त्यांची कन्या मंदाकिनी हिच्या चेहऱ्यावरील विविध भाव दाखविले असून नंतर ती श्रीकृष्णाच्या वेशात विलीन होते. चेहरा तोच राहतो, भूमिका बदलते. नटी आणि देवता ह्यांतील अंतर प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत मिटविणे, हे ह्या सांध्याचे कार्य होय.

अंतर न मिटविणारे सांधे पुढील काळात सोलापूर जिल्ह्यातील जेऊर (ता. करमाळा) येथील दिग्दर्शक नागराज मंजुळे ह्यांच्या चित्रपटांत प्रभावीपणे आढळतात. फँड्री (२०१३, संकलक चंदन अरोरा) ह्या चित्रपटात कैकाडी कुटुंब काठीला बांधलेले डुक्कर खांद्यावरून नेत असता मागील भिंतीवर डॉ. आंबेडकर, फुले आदींची चित्रे दिसतात. हा विरोध कटने न दाखविता एकाच चौकटीत ठेवला आहे. शेवटी जब्या ह्या मुलाने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. हाडानंतर अवकाशयान दिसते. दगडानंतर मात्र काहीच दिसत नाही. ह्या सांध्याची दुसरी बाजू म्हणजे प्रेक्षक स्वतःच होय.

करमाळा परिसरात बव्हंशी चित्रित झालेल्या सैराट (२०१६, संकलक कुतुब इनामदार) ह्या चित्रपटात माहेरची माणसे घरी येऊन चहा घेतात व त्यानंतर एकदम शेजारणीकडून परतणारे मूल दिसते. मधली हत्या पडद्यावर येत नाही. मुलाची रक्ताळलेली पावले उमटत असता ध्वनीही लोपतो. कटचे सामर्थ्य तो काय जोडतो ह्यात असते, तसेच तो काय वगळतो ह्यातही असते. फाळके ह्यांच्या विलयनाने विश्वास निर्माण केला. ह्या चित्रपटांतील सांध्यांनी तो काढून घेऊन प्रेक्षकावर उत्तरदायित्व सोपविले.