दहा वर्षांची एक ओळ

सिन्नर पर्जन्यछायेत, दुष्काळाचा इतिहास आम्ही सरकारी दप्तरांत शोधतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील पंत व बोरगावकर यांनी १९८३ मध्ये तो घाटापलीकडे, ठाण्याच्या सागाच्या वाढवलयांत शोधला. अशी मोजमापे ज्या साध्या मजकूर-फायलीत साठवतात, तिला अमेरिकेतील टूसॉन शहराचे नाव आहे.

तिची घडण पंचकार्डांच्या काळातली. आरंभी नमुन्याची खूण, मग साल, मग दहा वलयांच्या रुंदी. १८९० च्या ओळीतला दहावा आकडा १८९९ चा, त्या मोठ्या दुष्काळाच्या सालचा. दशांशचिन्ह नाहीच. एकक कळते ते अखेरीस: मालिका ९९९ वर संपली तर मिलिमीटरचे शतांश, उणे ९९९९ वर संपली तर सहस्रांश. ही खूण गळाली, की रुंदी दहापट चुकू शकते.

आणि वलय खरोखरच ९.९९ मिलिमीटर भरले तर? शतांशात ते ९९८ किंवा १००० लिहावे लागते. आणेवारीत पन्नास पैशांच्या उंबरठ्यावरचा आकडा अलीकडे-पलीकडे सरकताना पाहिलेल्या आम्हां सिन्नरकरांना याचे नवल नाही! सहस्रांशात ९९९० लिहून हा पेच सुटतो. पण जुना नमुना तसा पुन्हा मोजायचा, तर ते लाकूड कुणीतरी जपून ठेवलेले हवे.