खोक्यातली फौज आणि उदगीरची लढाई

उदगीर आपल्यापासून जांब-जळकोटमार्गे एसटीने दीड-दोन तासांवर. वर्गातल्या कितीतरी जणांच्या सोयरिकी तिकडच्या. तरीही शाळेत असताना उदगीरच्या लढाईवर आपण फार तर दीड ओळ पाठ केली होती: १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, आणि पुढल्या ओळीत लगेच पानिपत. पानिपतावर मोठा प्रश्न यायचा, उदगीर रिकाम्या जागा भरायला. या दोन लढायांमध्ये एक वर्षसुद्धा नाही आणि पहिलीतले सेनापती तेच दुसरीत होते, हे मला पुढे इतिहास शिकवायच्या नोकरीत आल्यावर नीट उमगले. या लेखाला निमित्त मात्र एका खेळाचे आहे.

स्नेहमेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यावे, याची यादी समिती करत होती. पंखे आणि पाण्याची टाकी ठरलीच होती. पुण्याला असलेल्या आपल्या एका वर्गमित्राने इतिहासाच्या खोलीसाठी त्याच्या मुलाकडचा एक परदेशी युद्धखेळ सुचवला, आणि 'तू बघून सांग' म्हणून तो खोका माझ्याकडे पाठवून दिला. (खोका हा शब्द हल्ली जपून वापरावा लागतो, पण दुसरा सुचत नाही.)

हा नवशिक्यांसाठीचा संच आहे. आत अठराव्या शतकातले युरोपी सैनिक. उंची अंगठ्याच्या पेराएवढी, नेमकी २८ मिलिमीटर. एक बाजू लाल, एक निळी. दोन्हीकडे पायदळाच्या तीन तुकड्या, घोडदळाची एक आणि एकेक तोफ. शिवाय सहा बाजूंचे फासे, इंचांची फीत आणि इंग्रजी नियमांचे पुस्तक. सैनिक जोडलेले येत नाहीत. हात, डोके, बंदूक असे सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीत असतात. ते कापून, घासून, डिंकाने चिकटवायचे. डिंक आणि रंग खोक्यात नाहीत, ते वेगळे घ्यायचे. आमचे चार रविवार नुसते जोडण्यात गेले. किंमत म्हणाल तर एक क्विंटल तुरीचे पैसे, आणि रंग धरले तर त्याहून जास्त. सैनिक मात्र देखणे आहेत. कोटाच्या गुंड्यासुद्धा मोजता येतात.

खेळायची पद्धत अशी. टेबलावर चौकोन नसतात. पायदळ १२ इंच चालते, बंदूक १८ इंच पोचते, तोफ ४८ इंच. फीत लावून मोजायचे, फासे टाकायचे, किती माणसे पडली ते ठरवायचे. मार खाल्लेल्या तुकडीसाठी धीराचा फासा असतो; तो कमी पडला की तुकडी मागे फिरते.

असल्या खेळांचा इतिहास मोठा आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याकडची आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चतुरंग सेनेवरून बेतलेल्या खेळाचा उल्लेख सातव्या शतकात बाणभट्टाच्या हर्षचरितात येतो. तिथून तो इराण-अरबस्तानमार्गे युरोपात गेला. १७८० साली जर्मनीतल्या ब्रुन्स्विकमध्ये हेलविग नावाच्या एका शिक्षकाने बुद्धिबळाचा पट वाढवून सोळाशेहून अधिक घरांचा केला, त्यावर डोंगर, नद्या आणि गावे मांडली. प्रशियात राइसवित्झ बापलेकांनी घरे काढून टाकली आणि त्या जागी खराखुरा नकाशा आणला. मुलाचे नियम १८२४ चे. त्यात एक पंच असे. शत्रू कुठे आहे हे खेळाडूला दिसायचे नाही, पंच सांगेल तेवढेच कळायचे. प्रशियाच्या लष्कराने तो खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने खेळण्यातले शिपाई आणि स्प्रिंगची तोफ घेऊन घरातल्या जमिनीवर खेळायचे नियम छापले. खऱ्या युद्धापेक्षा हे बरे, असे त्याचे म्हणणे होते. पुढल्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. आपल्यापुढचा खोका याच घराण्यातला.

शाळेसाठी पारख करायची तर आपल्या मातीतली लढाई त्यात बसते का ते बघावे, असे मी ठरवले. आणि लढाई घ्यायची तर उदगीरचीच.

तिची हकिगत थोडक्यात अशी. हैदराबादच्या निजामाकडे, म्हणजे सलाबतजंगाकडे, बुसी हा फ्रेंच सेनानी आणि त्याचे कवायती पायदळ होते. १७५८ मध्ये बुसीला फ्रेंचांनी माघारी बोलावले. त्याच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी आधी निजामाच्या पदरी होता. तो आपल्या गारद्यांसह आणि तोफांसह पेशव्यांकडे आला. १७५९ च्या ऑक्टोबरात अहमदनगरचा किल्ला किल्लेदाराला पैसे देऊन, लढाई न करता मराठ्यांनी घेतला, आणि त्यावरून युद्ध जुंपले. सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली उदगीरच्या मुलखात होते. तिथून औशावरून धारूरकडे जाऊन तिथल्या आपल्या फौजेला मिळायचा त्यांचा बेत होता. तोफांची फळी धरून त्यांची फौज एकगठ्ठा चालत होती. मराठी घोडदळ चारही अंगांनी तिच्याभोवती फिरत राहिले, वाटा अडवत राहिले. ३ फेब्रुवारी १७६० रोजी औशाजवळ निकराची गाठ पडली आणि निजामाचे कंबरडे मोडले. तहात साठ लाखांच्या घरातला मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, विजापूर अशी ठाणी मराठ्यांना मिळाली. म्हणजे नाव उदगीरचे असले तरी ती एका जागेवरची लढाई नव्हती, दिवसेंदिवस चाललेली वाटेवरची झुंज होती.

आम्ही ती मांडली मोंढ्यात, आपल्याच एका वर्गमित्राच्या आडत दुकानात. दुपारनंतर तिथे गर्दी नसते आणि काट्याशेजारचे टेबल लांबरुंद आहे. लाल सैन्य निजामाचे, निळे भाऊंचे. खोक्यातले घोडदळ मराठ्यांना पुरेना म्हणून दुकानात पडून असलेल्या बुद्धिबळाच्या दोन पटांमधले घोडे घेतले. पहिला डाव पुस्तकाबरहुकूम खेळलो. लाल फौज पोत्याच्या उंचवट्यावर तोफ लावून उभी राहिली. आमचे घोडे धावून गेले आणि दीड तासात संपले. निजाम जिंकला! पुस्तकात शेजारच्या गावाचे, वाटेचे, दिवसाचे काहीच नाही. बारा इंच पुढे जा आणि गोळी घाल, एवढेच आहे.

आडत्या मित्र तोवर हिशेबाच्या वहीतून मान वर काढून बघत होता. तो म्हणाला, "बरं, या फौजेचं दाणापाणी कोण बघतंय?"

मी पुस्तक चाळले. कुणीच बघत नव्हते.

मग त्यानेच नियम केला. पायलीभर ज्वारी टेबलावर ओतली. दर फेरीला पायदळाच्या तुकडीमागे एक दाणा, घोड्यांच्या तुकडीमागे दोन आणि तोफेमागे दोन. "बैलाला वैरण लागत न्हाई व्हय?" धारूरची वाट मोकळी असेल तर मूठभर दाणे नवे मिळणार, वाटेवर शत्रूचे घोडे उभे असतील तर नाही. दाणे संपले की धीराच्या फाशातून एक वजा. एवढ्याने खेळ पार बदलला. दुसऱ्या डावात निळे घोडे एकदाही तोफेसमोर गेले नाहीत. ते वाटेवर जाऊन बसले. सहाव्या फेरीला लाल फौजेला उंचवटा सोडून खाली यावे लागले, आणि खाली आल्यावर तोफेचा उपयोग राहिला नाही.

मराठवाड्याच्या इतिहासाकडे या दाण्यांमधून पाहिले तर एक ओळ लागते. २५ फेब्रुवारी १७२८ ला वैजापूरजवळच्या पालखेडला पहिल्या बाजीरावाने निजामाला जिंकले ते मोठी लढाई न करता. त्याला तोफखान्यापासून तोडले, पाण्यापासून तोडले, आणि तो तहाला आला. फील्ड मार्शल मॉन्टगोमेरीने युद्धांच्या इतिहासावरच्या आपल्या ग्रंथात या मोहिमेची वाखाणणी केली आहे. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला निजाम किल्ल्यात कोंडला गेला आणि तिथेही पाण्यानेच त्याला नमवले. उदगीर या दोहोंच्या मधले. फरक असा की उदगीरला घोडदळाच्या वेढ्याबरोबर इब्राहिमखानाच्या तोफाही होत्या, आणि तोफेचा आवाज मोठा असतो. वाटा अडवणाऱ्या घोड्यांचा आवाज बखरीतसुद्धा फारसा ऐकू येत नाही. माझे स्वतःचे मत असे की भाऊंनी उदगीरहून तोफखान्यावरचा आणि कवायती पायदळावरचा विश्वास बरोबर नेला, आणि वाटेवर बसलेल्या घोड्यांचे श्रेय मागे राहिले. सगळेच अभ्यासक हे इतक्या ठाशीवपणे म्हणणार नाहीत. पण परदेशी खोकाही नेमके तेच शिकवतो, म्हणून मला ते बोचले.

कारण पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. १० जानेवारी १७६० ला, म्हणजे उदगीरच्याही आधी, दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले होते. ती बातमी आल्यावर परतूरच्या मुक्कामात उत्तरेची मोहीम ठरली आणि मार्चमध्ये भाऊ निघाले. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला तेव्हा धान्याचा मोठा साठा हाती लागला. मग अब्दाली यमुना उतरून दक्षिणेच्या वाटेवर येऊन बसला. मराठ्यांच्या छावणीत लढणाऱ्यांबरोबर हजारो यात्रेकरू, बायकामुले, बाजारबुणगे. रसदीची कामगिरी ज्यांच्याकडे होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ला मराठे खंदकाबाहेर पडले ते उपासमारीला कंटाळून. त्या दिवशी सकाळी इब्राहिमखानाच्या तोफांनी आणि गारद्यांनी आपले काम चोख केले होते.

आम्ही तिसरा डाव हाच मांडला. निळी फौज मध्ये, वाटेवर लाल. बुद्धिबळातले उंट आम्ही अब्दालीच्या जंबुरक्यांसाठी वापरले. उंटाच्या पाठीवरच्या त्या लहान तोफा पानिपतावर होत्याच. निळी बाजू आडत्याकडे होती. पाचव्या फेरीला त्याच्यापुढची ज्वारी संपली. तोफ शाबूत होती, एकही तुकडी फुटली नव्हती. तो बराच वेळ फासे हातात घेऊन बसला. मग म्हणाला, "आता बसून काय करू? निघावंच लागतंय." आम्ही तो डाव पुरा केला नाही.

खोक्यात आणखी एक माणूस नाही, आणि तो आपल्या वर्गात होता. फौजांना धान्य पुरवण्याचे काम दख्खनमध्ये शतकानुशतके बंजाऱ्यांच्या तांड्यांनी केले. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून ते मोगलांच्याही छावण्यांत जात. युद्ध चालू असतानाही दोन्ही पक्ष सहसा त्यांच्या वाटेला जात नसत, कारण उद्या दाणा त्यांच्याकडूनच घ्यायचा. आपल्या तालुक्यात तांडे किती आहेत ते सांगायला नको. तांड्यावरून पायी येणारी, मधल्या सुट्टीत भाकरी वाटून खाणारी पोरे आठवा. इतिहासाच्या तासाला त्यांना आपल्या पूर्वजांसाठी एक ओळही मिळाली नाही. ज्वारीचा नियम झाल्यावर आम्ही काड्यापेटीचा तांडा केला आणि तो ज्याच्याकडे जाईल त्याला दोन मुठी, असे ठरवले. त्यानंतर दोन्ही बाजू लढायच्या आधी त्या काड्यापेटीशी गोड बोलू लागल्या.

तर समितीला माझे सांगणे असे. दोन-तीन संच घेऊ नयेत, एकच घ्यावा. आठवीच्या वर्गात चाळीस मुले एका टेबलाभोवती मावणार नाहीत, तेव्हा राइसवित्झची युक्ती वापरावी: दोन गट दोन खोल्यांत, मध्ये सर किंवा बाई पंच, आणि पंच सांगतील तेवढेच मुलांना कळावे. इंग्रजी नियमांचा चार पानी मराठी गोषवारा मी करून देतो, ज्वारीचा नियम पहिल्या पानावर. रंगांवर पैसे घालू नयेत, चित्रकलेच्या तासाचे उरलेले चालतात. वाचलेल्या रकमेत मुलांची एक एसटी उदगीरच्या किल्ल्यावर आणि तशीच पुढे औशाला न्यावी. दोन्हींमधले अंतर खिडकीतून पाहिले की चालत्या फौजेचा विचार आपोआप डोक्यात येतो.

आणि तोफेला बैल हवेत. खोक्यात एकही नाही. परदेशी तोफ घोड्यांनी ओढली जाते, आपल्याकडे जड तोफेला बैलांच्या जोड्यांमागून जोड्या लागत. पोळ्यासाठी मातीचे बैल होतातच. यंदा आधीच कुंभारवाड्यात सांगून ठेवले तर बारा जोड्या लहान करून मिळतील. शिंगे नाजूक ठेवू नका म्हणावे, मुलांच्या हातात टिकत नाहीत.